अझोर्सला डायव्हिंगला जाताय? बेटं कमी करा, दिवस मोकळे ठेवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. नवरा-बायको पुण्याचे, दोघांचं ओपन वॉटर (स्कूबाचा पहिला कोर्स) अंदमानात हॅवलॉकला झालंय, प्रत्येकी बारा-चौदा डाईव्हज. गणपती उरकून सप्टेंबरअखेर नऊ दिवस पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर जायचंय, त्यात साओ मिगेल, फायाल, पिको आणि सांता मारिया अशी चार बेटं, प्रिन्सेस अ‍ॅलिस बँकवर (बँक म्हणजे समुद्रात बुडालेली टेकडी) मोबुला, म्हणजे पंखवाले मोठे रे मासे, कॉन्डोर बँकवर ब्लू शार्क, वर पिकोचा डोंगरही चढायचाय. स्वतःचा ३ मिमी सूट न्यावा का, आणि त्यापेक्षा स्पेनची कॅनरी बेटं बरी का, असे दोन उपप्रश्न.

मी डायव्हिंग शिकवतो आणि उन्हाळ्यात छोटे ग्रुप घेऊन या बाजूला जात असतो, तेव्हा जे सांगतोय ते तिथल्या बोटींवर बसून जमलेलं आहे. तुम्ही विचारलंय की चार बेटं नऊ दिवसांत कशी बसवू. खरा प्रश्न वेगळा आहे, तो म्हणजे नऊपैकी समुद्र किती दिवस तुम्हाला आत घेईल. अंदमानात फेब्रुवारीत गेलात तर रोज सकाळी बोट निघणार हे धरूनच चालता येतं. अझोर्स लिस्बनपासून दीड हजार किलोमीटर आत, भर अटलांटिकमध्ये आहे, आडोसा म्हणून काही नाही, कुठेतरी ग्रीनलंडच्या बाजूला वादळ झालं की दोन दिवसांनी त्याच्या लाटा ऊन पडलेलं असताना तुमच्या बंदरात येऊन आदळतात. त्यामुळे तिथे प्लॅन म्हणजे तारखांचा तक्ता नसतो, काय काय करायचंय त्याची यादी आणि भरपूर मोकळे दिवस एवढंच असतं, त्यातलं आज काय करायचं हे सकाळी डाईव्ह सेंटरवाला वारा बघून ठरवतो.

आधी ही बेटं कशी आहेत ते बघा, कारण सगळं तिथूनच निघतं. नऊही बेटं ज्वालामुखीची. मिड अटलांटिक रिज, म्हणजे दोन प्लेट्सच्या सांध्यावरची समुद्रतळाची डोंगररांग, यांच्यामधूनच जाते, म्हणजे फ्लोरेस आणि कोर्व्हो ही दोन बेटं चक्क उत्तर अमेरिकन प्लेटवर आहेत आणि बाकीची सात पलीकडे. फायालच्या पश्चिम टोकाला १९५७-५८ मध्ये कापेलिन्योसचा उद्रेक झाला आणि बेटाला नवीन जमीन जोडली गेली, तिथलं जुनं दीपगृह आजही अर्धं राखेत गाडलेलं दिसतं. अशा बेटांना उथळ कडा जवळजवळ नसतेच, किनाऱ्यापासून थोडं पुढे गेलं की तळ सरळ शेकडो मीटर खाली जातो. खोल पाण्यातले प्राणी, स्पर्म व्हेल, ब्लू शार्क, मोबुला, ट्यूना, बेटाच्या इतके जवळ मिळतात ते त्यामुळेच. पण पाणी गार असल्याने प्रवाळाची रंगीत बाग इथे नाही. काळा कातळ, कमानी, लाव्हाच्या गुहा, भेगांत लपलेले मोरे ईल, मोठाले ग्रूपर, असं दृश्य असतं. हॅवलॉकसारखा रंग शोधत गेलात तर पहिल्या डाईव्हनंतर बायको विचारेल की यासाठी एवढा खर्च?

आता महिना. सप्टेंबरअखेर मला तुमच्यासाठी पटत नाही. पाणी छान असतं, २२-२३ अंश, हे खरं. पण मोबुलांचा भर साधारण जुलै ते सप्टेंबर, म्हणजे तुम्ही शेपटाला पोचणार, आणि त्याच वेळी हरिकेनचे उरलेसुरले तुकडे तिकडे वळायला लागतात. २०१९ मध्ये २ ऑक्टोबरला लोरेन्झो आलं त्याने फ्लोरेसचं लाजेस बंदर उद्ध्वस्त करून टाकलं होतं. दर वर्षी असं होतं असं अजिबात नाही, सप्टेंबरअखेर काचेसारखा समुद्रही मी पाहिलाय, पण मोजकी सुट्टी आणि पहिलीच खेप असेल तर जुगार कशाला. गणपती उरकून जाण्याऐवजी गणपतीच्या आधी जा. जुलैचा शेवट ते ऑगस्टअखेर, जेव्हा अझोर्सवरचा तो प्रसिद्ध हाय प्रेशरचा पट्टा ठाण मांडून बसलेला असतो. तोटा एवढाच की ऑगस्टमध्ये ओर्ताला, म्हणजे फायालच्या गावाला, समुद्र-सप्ताहाची जत्रा असते, जगभरच्या शिडाच्या बोटी बंदरात, खोल्या फुल, म्हणून बुकिंग पाच-सहा महिने आधी.

बेटांचं म्हणाल तर चारातली दोन ठेवा, फायाल आणि पिको. कारण अगदी साधं आहे, दोघांमध्ये अर्ध्या तासाची फेरी आहे. साओ मिगेल किंवा सांता मारियाला जायचं तर विमान लागतं, आणि विमान आलं की डाईव्हनंतरचा थांबा आला, कारण अंगात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला वेळ लागतो. रोज दोन-दोन डाईव्हज करत असाल तर शेवटच्या डाईव्हनंतर उडायच्या आधी किमान १८ तास, मी माझ्या लोकांना सरळ २४ सांगतो. वीस-पंचवीस मिनिटांचं छोटं विमान असलं तरी नियम तोच. म्हणजे तुमच्या चार बेटांच्या प्लॅनमध्ये प्रत्येक उडीला एक डाईव्हचा दिवस कोरडा जाणार, वर धुक्याने किंवा वाऱ्याने विमान रद्द झालं तर आणखी एक. नऊ दिवसांत तुम्ही खरं पाण्यात असणार चार दिवस, आणि त्या चारातला एखादा समुद्र खाणार. फेरीला यातलं काही लागू नाही, सकाळी फायालला डाईव्ह, संध्याकाळी पिकोला जेवायला.

सांता मारिया मी उडवतोय ते नाइलाजाने हेही सांगतो. मोबुला हाच एकमेव हट्ट असेल तर उलट सांता मारियाच निवडा, कारण तिथला अंब्रोझिओ हा स्पॉट किनाऱ्यापासून जेमतेम तीन सागरी मैलांवर आहे, बोट पटकन पोचते. पण मग तिथेच सगळे दिवस काढा, पिको-बिको विसरा. दोन्ही करायला गेलात तर दोन्ही अर्धवट.

आता प्रिन्सेस अ‍ॅलिस. ही समुद्रातली बुडालेली टेकडी, मोनॅकोचा प्रिन्स अल्बर्ट पहिला याने १८९६ मध्ये शोधली आणि आपल्या जहाजाचं नाव दिलं. फायालपासून ९० किलोमीटरच्या आसपास, माथा साधारण ३५ मीटरवर आणि चहूबाजूंनी निळं पाणी. रबरी बोटीने तीनेक तास जायला, तेवढेच यायला. व्हिडिओत मोबुलांचा थवा दिसतो पण त्याआधीचं दिसत नाही ते सांगतो. बोट माथ्यावर नांगर टाकते, तुम्ही कडेवरून मागे पडता आणि लगेच हात दोरावर, कारण करंट असला की दोर सोडलेला माणूस दोन मिनिटांत बोटीच्या मागे पन्नास मीटर. करंट जोरात असेल तर सगळे डायव्हर दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे आडवे फडफडत असतात. खाली टेकायला तळ नाही, नजरेला धरायला कातळ नाही, फक्त मनगटावरच्या डाईव्ह कॉम्प्युटरवरचा खोलीचा आकडा. मोबुला बहुतेकदा वरच्या वीस मीटरमध्येच येतात, कितीतरी वेळा तर सेफ्टी स्टॉपला (वर येताना पाच मीटरवरचा थांबा) लटकलेले असताना अंगावरून जातात, खालून पांढरं पोट, आणि पंखाला चिकटलेले रेमोरा मासे मोजता येतील इतके जवळ. हे प्राणी जवळजवळ २ किलोमीटर खोल बुडी मारतात असं तिथेच टॅग लावून सिद्ध झालंय. वर उन्हाच्या पाण्यात बराच वेळ घालवतात ते अंग गरम ठेवायला असा अंदाज आहे, आणि आपल्या पदरात पडतात ते त्यामुळेच. म्हणून तिथे खोल जायची कला लागत नाही, पाच मीटरवर काहीही न धरता दहा-पंधरा मिनिटं स्थिर राहायची कला लागते. बारा डाईव्हजवाल्याला बहुधा नेमकी तीच आलेली नसते. बहुतेक सेंटर अ‍ॅडव्हान्स्डचं (पुढच्या कोर्सचं) कार्ड आणि बऱ्यापैकी भरलेलं लॉगबुक मागतात, आणि ते नखरे नाहीत. शिवाय सगळं करून मोबुला न दिसण्याचीही शक्यता असते, पैसे परत नाहीत. किनाऱ्याजवळच्या डाईव्हच्या तीन-चार पट खर्च येतो तेव्हा हे आधीच मनाशी ठरवून जा.

ब्लू शार्कला लोक जास्त घाबरतात पण तुमच्यासाठी ती डाईव्ह जास्त जमणारी आहे. कॉन्डोर फायालपासून दहाएक सागरी मैलांवर. तिथेही खाली तळ नाही, पण बोट वाहत असते, मासळीच्या वासाचा डबा पाण्यात सोडलेला असतो, आणि तुम्ही पाच-दहा मीटरवर दोरापाशी थांबता. पिंजरा वगैरे नसतो. कधी वीस मिनिटांत येतात, कधी दोन तास बोटीवर नुसतं डुलत बसावं लागतं. ग्लोव्हज आणि हूड काळे पाहिजेत, उघडे गोरे-सावळे कसलेही हात हलवायचे नाहीत, आमिषाच्या वासाच्या रेषेत जायचं नाही, आणि शार्क मागून आला तर त्याच्याकडे तोंड करायचं, नजर ठेवायची. तो कुतूहलाने जवळ येतो, कॅमेऱ्याला नाक लावतो, निघून जातो. बायकोचं मन तयार नसेल तर स्नॉर्कल लावून वरूनही छान दिसतात, बरीच सेंटर तसं नेतात.

सूटबद्दल. ३ मिमी घरी ठेवा. २२ अंश ऐकायला थंड वाटत नाही, पण पाऊण-पाऊण तासाच्या दोन डाईव्हज आणि मध्ये ओल्या अंगाने वाऱ्यात बसणं, थंडी पाण्यात नाही तर बोटीवर वाजते. तिथे ५ किंवा ७ मिमी आणि हूड भाड्याने मिळतं, तेच घ्या, विंडचीटर आणि कानटोपी मात्र घरून न्या, हसू नका, तीन तास परतीच्या प्रवासात तीच कामाला येते. हूड-ग्लोव्हजचा दुसरा फायदा म्हणजे पोर्तुगीज मॅन ओ' वॉर. पावसाळ्यात जुहूला निळे फुगे वाहून येतात आणि लोकांना चटके बसतात ना, ती ब्लू बॉटल त्याच्याच कुळातली, इथल्याचे धागे चांगले लांबलचक असतात, वर येताना पाण्याच्या पृष्ठभागाकडे बघत या.

जाड सूटने बॉयन्सीचं, म्हणजे तरंगण्या-बुडण्याचं, गणित पार बदलतं हे कोणी सांगत नाही. हॅवलॉकला तुमच्या कमरेला चार किलो असतील, इथे ७ मिमीमध्ये आठ-दहा लागू शकतात, युरोपात टाकी बऱ्याचदा स्टीलची असते तेव्हा त्यातून एक-दोन किलो वजा. खाली गेल्यावर निओप्रीन दबतं म्हणून तुम्ही जड होता, बीसीडीत (हवा भरायच्या जॅकेटात) हवा भरता, वर येताना निओप्रीन फुगतं, बीसीडीतली हवाही फुगते, टाकीतली हवा वापरून झाल्याने दोनेक किलो वजन कमी झालेलं असतं, आणि नवखा माणूस पाच मीटरवरून बुचासारखा वर. म्हणून पहिल्या डाईव्हच्या शेवटी टाकीत ५० बार दाब उरला असताना, पाच मीटरवर, बीसीडी पूर्ण रिकामी करून थांबता येतंय का बघा. येत असेल तर वजन बरोबर. गाईडला सांगा, तो आनंदाने वेळ देतो. तुमचं रेग्युलेटर नेणार असाल तर ते टाकीला जोडायचे दोन प्रकार असतात, भारतात आपण योक वापरतो, युरोपात डीआयएन जास्त, अ‍ॅडाप्टर आहे का विचारून घ्या. नाहीतर मास्क, दोघांचे दोन कॉम्प्युटर आणि प्रत्येकी एक मार्कर बॉय (पाण्यावर बोटीला दिसणारा फुगा) एवढंच न्या.

सराव कुठे करायचा? मालवण-तारकर्लीला जे हात धरून फिरवतात त्याला मी सराव म्हणणार नाही, पण तारकर्लीला एमटीडीसीचं केंद्र आहे, कर्नाटकात नेत्राणी बेट आहे, मान्सूनआधी तिथे अ‍ॅडव्हान्स्ड करून पाच-सात डाईव्हज वाढवल्यात तरी फरक पडतो. थंड पाण्याचा सराव आपल्याकडे होत नाही, तो पोर्तुगालातच. वेळ असेल तर लिस्बनजवळ सेझिम्ब्राला एक दिवस डाईव्ह करा, पाणी अझोर्सपेक्षाही गार, तिथे जमलं तर पुढे सोपं वाटेल. पण तिथेही तोच १८ तासांचा हिशेब, दुसऱ्या दिवशी सकाळची फ्लाईट पकडायची नाही.

आता पिको, आणि हे जरा लक्ष देऊन वाचा. पिको २३५१ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा सातशे मीटर उंच, आणि तोही समुद्रातून थेट वर आलेला. वाट सुमारे १२०० मीटरवरून सुरू होते, तिथे नाव नोंदवावं लागतं आणि एका वेळी ठरावीक माणसंच सोडतात. विमानाचा नियम सगळ्यांना पाठ असतो, डोंगराचा कोणाला आठवत नाही. शरीराला कळत नाही की हवेचा दाब विमानात बसून कमी झाला की गाडीने घाटात जाऊन. सकाळी दोन डाईव्हज आणि दुपारी भाड्याच्या गाडीने पिकोच्या मधल्या रस्त्याने पलीकडे, हे नकाशावर अगदी निरुपद्रवी दिसतं, पण रस्ता चांगलाच उंच चढतो. कॅनरीजमधल्या टेनेरिफला तर केबल कार थेट ३५५५ मीटरवर सोडते आणि लोक सकाळी डाईव्ह करून दुपारची तिकिटं काढतात! ज्वालामुखीच्या बेटांचा हा खास धोका आहे. डाईव्हच्या दिवशी किनाऱ्याचा रस्ता धरायचा, डोंगर शेवटच्या डाईव्हनंतर पूर्ण २४ तासांनी. उलट क्रम, म्हणजे आधी डोंगर आणि दुसऱ्या दिवशी डाईव्ह, दाबाच्या दृष्टीने चालतो, पण सात-आठ तास चालून पाय गोळ्याने धरलेले असताना करंटमध्ये फिन मारायच्या का हे तुमचं तुम्ही बघा.

हे सगळं जोडून मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. नऊचे अकरा दिवस करा, नाही जमलं तर निदान दहा. लिस्बनहून थेट ओर्ता, पहिला दिवस झोप. दुसऱ्या दिवशी मोंते दा गिया, गावाला लागूनच आहे, गुहा आणि कातळ, तिथे दोन सोप्या डाईव्हज करून वजन ठरवा, तेवढ्यात गाईडलाही तुमचा अंदाज येतो. त्यानंतरचे चार-पाच दिवस सेंटरला मोकळे द्या, शार्क आणि बँक दोन्ही यादीत टाका आणि कुठल्या दिवशी काय ते त्यांच्यावर सोडा. बँकला तुम्ही तयार नाही असं गाईड म्हणाला तर वाद घालू नका, त्या दिवशी शार्क किंवा किनारा. मग फेरीने पिकोच्या मादालेना बंदराला जा, शेवटच्या दोन-तीन रात्री पिकोवर, परतीचं विमान पिकोहूनच. डाईव्हनंतरचा कोरडा दिवस वाया जात नाही, क्रियासाओ व्हेल्याला समुद्रालगत काळ्या दगडांच्या कुंपणातले द्राक्षमळे आहेत, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत, आणि व्हेल बघायची बोटही त्याच दिवशी घ्या, किनाऱ्यावरच्या टेहळणीच्या खोल्यांतून आजही माणूस दुर्बिणीने व्हेल शोधून बोटीला कळवतो. व्हेलबरोबर स्कूबा करता येत नाही, तसं कोणी विकत असेल तर लांब राहा. त्याच्या दुसऱ्या दिवशी ढग नसतील तर डोंगर.

कॅनरीजचं उत्तर. सुट्टी फक्त डिसेंबर-जानेवारीत मिळत असेल तर प्रश्नच नाही, कॅनरीजच, त्यातही एल हिएर्रो बेटावरचं ला रेस्टिंगा. ईशान्येकडून येणारा व्यापारी वारा बेटाच्या उंच डोंगराने अडतो आणि नैऋत्येला शांत समुद्र राहतो, नावच मार दे लास काल्मास. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये याच गावासमोर पाण्याखाली ज्वालामुखी फुटला, काही महिने समुद्र हिरवा-तपकिरी झाला, मासे मेले, गावातल्या डाईव्ह सेंटरांचा धंदा बसला. आज तिथे पुन्हा भरभरून जीव आहे. एंजल शार्क बघायचे तर हिवाळ्यात कॅनरीजच. बारा डाईव्हजवाल्यांना पहिला अटलांटिक म्हणून खरं तर मी एल हिएर्रोच सुचवतो, पण तिथे मोबुलांचे थवे मिळतील अशी आशा धरू नका आणि तुमच्या प्रश्नात मोबुला चार वेळा आलेत.

कागदपत्रांचं पटकन. दोन्हीकडे शेंगेनच, जास्त रात्री जिथे तिथला व्हिसा, म्हणजे तुम्हाला पोर्तुगालचा, सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि ऑगस्टसाठी उशीर करू नका. साधा ट्रॅव्हल इन्शुरन्स स्कूबाला बऱ्याचदा वगळतो किंवा खोलीची मर्यादा घालतो, बारीक अक्षरं वाचा आणि डॅनसारख्या (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) संस्थेचा वेगळा डायव्हिंगचा विमा घ्या. डीकम्प्रेशन चेंबर, म्हणजे डाईव्हनंतर अंगात बुडबुडे झाले तर उपचार करायची दाबाची खोली, ओर्ताच्या हॉस्पिटलात आहे, फायाल-पिको निवडायचं तेही एक कारण, तरी जायच्या आधी तो चालू आहे ना हे सेंटरला विचारा. स्पेनला जाणार असाल तर डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं. बोट लागत असेल तर अव्होमिनची गोळी पहिल्यांदा तिथे घेऊ नका, घरी घेऊन बघा किती झोप येते आणि डाईव्हच्या आधी चालेल का हे डॉक्टरांना विचारा.

सेंटरला मेल करताना "आम्ही अनुभवी आहोत" असलं काही लिहू नका. दोघांचं कार्ड, एकूण डाईव्हज, शेवटची डाईव्ह कोणत्या महिन्यात, थंड पाण्याचा अनुभव शून्य, एवढं स्पष्ट लिहा आणि विचारा की या दोघांना तुम्ही बँकवर न्याल का. लगेच "हो, पैसे भरा" असं उत्तर आलं तर दुसरं सेंटर बघा.